छापील पुस्तकं असताना कविता हाताने का उतरवायच्या? अठराव्या शतकातल्या इंग्रजी वह्यांबद्दल

प्रश्न असा आला आहे: "मी इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. प्रकल्पासाठी अठराव्या शतकातल्या इंग्रजी वाचकांनी स्वतःच्या हाताने कविता उतरवून घेतलेल्या वह्यांची स्कॅन केलेली पानं पाहिली. तोवर इंग्लंडात छापखाने भरपूर होते, मग लोक एवढा खटाटोप का करत? त्यातल्या बऱ्याच कविता छापलेल्याच दिसतात, मग अभ्यास करण्यासारखं काय उरतं? आणि सुरुवात कुठून करू?"

गेली वीसेक वर्षं मी अशा वह्यांच्या वर्णनात्मक नोंदी करते. वही उघडायची, पानं मोजायची, कागद उजेडासमोर धरायचा, प्रत्येक कवितेची पहिली आणि शेवटची ओळ टिपायची, कवी कोण ते शोधायचं. काम संथ आहे आणि मला ते फार आवडतं. तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे उत्तरही थोडं गुंतत जाईल.

आधी नावाचा घोळ मिटवू. या वह्यांना कधी मिसेलनी म्हणतात, कधी सरसकट कॉमनप्लेस बुक म्हणतात, पण दोन्ही एक नाहीत. कॉमनप्लेस बुक म्हणजे विषयवार उताऱ्यांची वही. तिची अनुक्रमणिका कशी करायची याची पद्धत जॉन लॉक या तत्त्वज्ञाने सांगितली होती. ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १७०६ मध्ये इंग्रजीत छापून आली. विषयाच्या शब्दातलं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, या जोडीवरून घर ठरायचं. 'एपिस्टोला' (Epistola) हा शब्द घेतला तर 'ई'च्या रांगेत 'आय'चं घर. पुढे १७७० मध्ये जॉन बेल या पुस्तकविक्रेत्याने या पद्धतीची आयती छापील वहीच विकायला काढली. मिसेलनीत असली शिस्त नसते. कविता जशी हाती आली तशी उतरवली, एवढंच. पुढे अनुक्रमणिका करायची असं ठरवून मागची चार पानं कोरी ठेवलेली असतात, दोन पानं भरतात आणि मग उत्साह संपतो.

आपल्याकडे मिसेलनीला चपखल शब्द आहे: बाड. अभंग, पदं, आरत्या, मध्येच एखादं औषध, कोपऱ्यात उसनवारीचा हिशोब. इंग्रजी वहीतही नेमकं हेच. कवितांच्या मागे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरचा उपाय, धुण्याची यादी, कुणाच्या तरी लग्नाची तारीख. पण एक मोठा फरक आहे. त्या काळातलं आपलं बाड मराठी छापखाना जन्माला येण्याआधीचं. इंग्रजी वही मात्र छापखान्याच्या शेजारी बसून लिहिलेली. तुमचा पहिला प्रश्न याच फरकातून निघतो आणि तो योग्य आहे.

छापखाने खरोखरच भरपूर होते. छपाईवर सरकारी परवान्याचं बंधन घालणारा कायदा १६९५ मध्ये संपला आणि नंतर छपाई वाढतच गेली. १७३१ मध्ये एडवर्ड केव्हने 'जंटलमन्स मॅगझिन' सुरू केलं. किंमत सहा पेन्स, आणि दर महिन्याला कवितांची खास पानं. १७४८ मध्ये रॉबर्ट डॉड्स्ली या प्रकाशकाने समकालीन कवितांचा संग्रह तीन खंडांत काढला आणि १७५८ पर्यंत त्याचे सहा खंड झाले. मग हाताने का लिहायचं?

पहिलं उत्तर पैशाचं, आणि ते अर्धंच खरं आहे. अलेक्झांडर पोप या कवीच्या 'इलियड'च्या भाषांतराचे सहा खंड वर्गणीदारांना प्रत्येकी एक गिनी, म्हणजे सहा गिनींना पडले. शेतमजुराची दिवसाची मजुरी साधारण एक शिलिंग आणि गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, असा हिशोब करून पाहा. पण असल्या वह्या करणारे लोक मजूर नव्हते. पाद्री, वकील, व्यापारी, जमीनदारांच्या मुली, शाळामास्तर, विद्यापीठातले विद्यार्थी अशी ही माणसं. त्यांच्यातही प्रत्येकाला प्रत्येक पुस्तक परवडत नव्हतं, आणि शेजाऱ्याकडून किंवा वाचनालयातून आणलेलं पुस्तक परत करावं लागायचं. परत करण्याआधी आवडलेलं उतरवून घ्यायचं. इतपत ठीक. पण सहा पेन्सात मिळणारी कवितासुद्धा लोक वहीत उतरवत होते. तिथे पैशाचं उत्तर थिटं पडतं.

त्यासाठी टॉमस ग्रेची 'एलेजी' घ्या, खेड्यातल्या चर्चच्या दफनभूमीत बसून लिहिलेली. अभ्यासक्रमात तुम्ही ती वाचलीच असेल. जून १७५० मध्ये ग्रेने ती पुरी करून मित्राला, होरेस वॉलपोलला पाठवली. वॉलपोलला ती इतकी आवडली की त्याने ती ओळखीच्यांत फिरवली. ओळखीच्यांनी उतरवून घेतली, पुढे दिली. आठ महिने ही कविता केवळ हस्तलिखितात, घराघरांतून हिंडत होती. फेब्रुवारी १७५१ मध्ये एका मासिकाच्या संपादकांनी ग्रेला कळवलं की ती आमच्या हाती आली आहे आणि आम्ही छापतो आहोत. ग्रे घाबरला. ११ फेब्रुवारीला त्याने वॉलपोलला लिहिलं की डॉड्स्लीकडून ताबडतोब छापून घ्या, माझं नाव घालू नका. १५ तारखेला पुस्तिका बाहेर पडली, किंमत सहा पेन्स. आज जगभर छापलेली ही कविता छापखान्यात गेली ती हस्तलिखितांच्या रेट्यामुळे.

आता यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बी आहे. या कवितेचा एक आधीचा खर्डा ईटन कॉलेजात आहे. छापील कवितेत खेड्यातल्या अनाम माणसांची तुलना हॅम्पडन, मिल्टन आणि क्रॉमवेल यांच्याशी आहे. खर्ड्यात तिथे केटो, टली आणि सीझर आहेत, म्हणजे सगळे रोमन. कवीने नंतर ही तीन नावं इंग्लंडातली केली. समजा, उद्या तुम्हाला कुणा पाद्र्याच्या वहीत ही कविता सापडली. तुमची पहिली नजर या तीन नावांवर जायला हवी. रोमन नावं असतील तर ती प्रत छापील पुस्तिकेवरून उतरलेली नाही, मित्रांमधल्या कुठल्या तरी आधीच्या साखळीतून आलेली आहे. "ही कविता तर छापलेली आहे" म्हणून पान उलटलं असतं तर हे हातचं गेलं असतं. पाठभेद पाहायची सवय ज्ञानेश्वरीच्या आणि गाथेच्या अभ्यासकांनी आपल्याला लावलेलीच आहे. ती इथे वापरा.

दुसरं उदाहरण एलिझाबेथ कार्टरचं. ग्रीक जाणणारी ही विदुषी. तिचं 'ओड टू विझ्डम' हे काव्य हस्तलिखितात फिरत होतं. सॅम्युअल रिचर्डसनला एक प्रत मिळाली, कवयित्री कोण हे माहीत नव्हतं, आणि त्याने ते १७४७ मध्ये आपल्या 'क्लॅरिसा' कादंबरीत घालून टाकलं, शेवटच्या कडव्यांची स्वरलिपीही जोडली. कार्टर रागावली. रिचर्डसनने माफी मागितली, आणि डिसेंबर १७४७ मध्ये 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिच्या स्वतःच्या प्रतीवरून कविता छापली गेली. त्यामुळे या कवितेच्या वह्यांतल्या प्रती तीन वाटांनी आलेल्या असू शकतात: मैत्रिणींच्या प्रतींवरून, कादंबरीवरून किंवा मासिकावरून. शीर्षकात काय लिहिलंय यावर बरंच कळतं. 'एका स्त्रीने लिहिलेली' असं असेल तर एक वाट, 'मिस कार्टर' असं ठळक नाव असेल तर दुसरी.

म्हणजे छापणं हा कवितेच्या प्रवासातला एक मुक्काम होता. कविता पत्रातून येई, वहीत जाई, तिथून मासिकात, मासिकातून पुन्हा कुणाच्या वहीत. अनेकांना, विशेषतः घरंदाज स्त्रियांना, छापखान्यात नाव जाणं नकोसं होतं, पण कविता वाचली जावी अशी इच्छा मात्र होती. लेडी मेरी वर्टली माँटेग्यूने दरबारी जीवनावर उपरोधिक कविता लिहिल्या आणि स्वतः पोपने त्या सुंदर अक्षरात उतरवून दिल्या. ती वही आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. विचार करा, त्या काळचा सगळ्यात नावाजलेला कवी मैत्रिणीच्या कविता लेखनिकासारखा बसून उतरवतो आहे. त्यातल्या तीन कविता १७१६ मध्ये एडमंड कर्ल या प्रकाशकाने परस्पर छापल्या, आणि पोपने त्याला मद्यातून वांतीचं औषध पाजून त्याचा सूड घेतला. याच कर्लवर पोपने पुढे पत्रं छापल्याबद्दल दावा केला. १७४१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा. हस्तलिखित हातोहात फिरवणं आणि छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्या काळच्या माणसांची समजूत इथे कायद्यात उतरली.

आणखी एक कारण होतं: भीती. १७१४ मध्ये हॅनोव्हर घराणं गादीवर आलं. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या जेम्सला मानणारे लोक देशभर होते आणि १७१५ व १७४५ मध्ये दोन मोठी बंडं झाली. जेम्सच्या बाजूच्या कविता छापणारा तुरुंगात जाई. वही मात्र टेबलाच्या खणात राहते. मला सर्वांत आवडणारी एक कविता या जातीची आहे. ती दोन रकान्यांत लिहिलेली असते. मूळ ओळींचा अर्थ मराठीत साधारण असा बसतो (टोरी हा त्या वेळचा राजकीय पक्ष, जेम्सकडे झुकणारे बरेच लोक त्यात होते):

मनापासून आवडतो मला । टोरी पक्ष इथला
हॅनोव्हरचा पक्ष । अगदी नकोसा वाटतो
आणि ती राज्यव्यवस्था । मी सदा नाकारत आलो
माझ्या मनाला मान्य । जेम्सच्या बाजूला राहणं

डावा रकाना वरून खाली वाचा: राजनिष्ठ माणूस बोलतो आहे. उजवा रकाना वरून खाली वाचा: तोही राजनिष्ठच. आता दंडाकडे दुर्लक्ष करून आडवं वाचा. ही कविता मला एका वहीत जेव्हा पहिल्यांदा दिसली, तेव्हा उतरवणाऱ्याने मधली रेघ अगदी फिकट, जेमतेम दिसेल अशी मारली होती. कवितेचा सगळा धोका त्या रेघेत आहे आणि त्याला तो कळला होता. अशी पानं टंकित करताना एकाखाली एक ओळी टाकून देऊ नका. मांडणी गेली की कविताच गेली.

छापील पुस्तकांत धोक्याची नावं रेघ मारून गाळलेली असत, आणि वाचक ती हाताने भरत. जोनाथन स्विफ्टची स्वतःच्याच मृत्यूवरची कविता १७३९ मध्ये लंडनमध्ये बरीच छाटून आली. डब्लिनला फॉकनर या प्रकाशकाने ती पूर्ण छापली, पण तळटीपांत आणि ओळींत जागा कोऱ्या सोडल्या. त्या आवृत्तीच्या आज उरलेल्या अनेक प्रतींत त्या काळच्या वाचकांनी शाईने कोऱ्या जागा भरलेल्या आहेत. वहीत उतरवतानाही असंच होई. छापलेल्या पानावर नुसती रेघ, वहीत सरळ नाव. हे नाव बरोबरच असेल असं नाही, पण त्या गावात, त्या वर्षी लोक कुणाचं नाव घेत होते ते कळतं.

आता दुसऱ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. अप्रकाशित कविता शोधायला म्हणून वहीत शिरणारे बरेच अभ्यासक हिरमुसून परत येतात. मीही सुरुवातीला तशीच शिरले होते. माझं आजचं मत स्पष्ट आहे: वहीचा कर्ता म्हणजे ती भरणारा वाचक, आणि त्याचं कर्तृत्व निवडीत, क्रमात आणि बदलांत आहे. कवितेशेजारी कोणती कविता आहे हे न नोंदवता केलेली सूची माझ्या लेखी अपुरी आहे.

फ्रान्सेस ग्रेव्हिलची 'प्रेयर फॉर इंडिफरन्स' पाहा. हळव्या मनाला कंटाळलेली बाई परीराजा ओबेरॉनकडे मागणं मागते: मला सुखदुःख न जाणवणारं मन दे. १७५९ मध्ये छापून येण्याआधीच ती हस्तलिखितात हिंडत होती आणि नंतर तर अमाप गाजली. तिला उत्तरं लिहिली गेली. त्यातलं एक लेडी कार्लाइलचं, परीच्या तोंडी घातलेलं. वह्यांत मूळ कविता आणि उत्तर बरेचदा एकापाठोपाठ येतात, आपल्या सवाल-जवाबासारखी. मी एका वहीत असं पाहिलं: मूळ कविता, तिच्यापुढे उत्तर नाही, तर लॉर्ड लिटलटनने बायकोच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या दीर्घ शोककाव्याचे तुकडे, मग विल्यम मेसनने पत्नी मारियासाठी लिहिलेला समाधिलेख. मारिया १७६७ मध्ये ब्रिस्टलला क्षयाने गेली. तो लेख तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे आणि त्याच्या शेवटच्या ओळी टॉमस ग्रेने पुरवल्या. मग एक पान कोरं. मग त्याच अक्षरात एका लहान मुलाच्या थडग्यावरच्या चार ओळी, ज्या मला कुठेच छापलेल्या मिळाल्या नाहीत. यातल्या तीन कविता त्या काळी घरोघरी माहीत होत्या. सूचीत त्यांच्यापुढे "छापील" असा शेरा मारून मी मोकळी झाले असते. पण सुखदुःख जाणवू नये म्हणून केलेल्या प्रार्थनेनंतर ओळीने तीन मृत्यू, मध्ये एक कोरं पान. ही जुळणी कुठल्या संपादकाने केलेली नाही. मुलाचं त्या घराशी नातं काय हे वही सांगत नाही आणि मीही नोंदीत सांगितलं नाही. क्रम तेवढा लिहिला, कोऱ्या पानासह.

सगळ्या वह्या अशा जड नसतात. कोडी, शब्दकोडी, आद्याक्षरांवरून नाव निघणाऱ्या कविता, पंख्यावर लिहिलेल्या ओळी, कुत्र्याचे मृत्युलेख, नाटकांची नांदी-भरतवाक्यं, निवडणुकीतली टवाळी, यांनीच निम्मी वही भरलेली असते. बाथजवळ बाथईस्टनला लेडी ॲना मिलर आपल्या घरी मेळावे भरवी. इटलीतून आणलेल्या एका प्राचीन पात्रात पाहुण्यांनी कविता टाकायच्या, मग त्या काढून वाचायच्या, उत्तम ठरलेल्याला मेंदीसारख्या मर्टल झाडाच्या डहाळीची माळ. यमकांचे शब्द आधी दिलेले आणि ओळी आपण भरायच्या, हा तिथला आवडता खेळ. १७७५ मध्ये या कवितांचा छापील संग्रहही निघाला. आणि ही हौस कुठवर पोचली होती ते जेन ऑस्टिनच्या 'एमा'त दिसतं. हॅरिएट स्मिथ गुळगुळीत दाबलेल्या कागदाच्या पातळ वहीत कोडी जमवते, वहीला एमाने नक्षी काढून दिलेली, आणि शाळेच्या मुख्य शिक्षिकेने म्हणे किमान तीनशे कोडी उतरवली आहेत. कादंबरी १८१५ च्या अखेरची आहे, पण हॅरिएटची वही अठराव्या शतकाचीच लेक आहे.

कोड्यांच्या बाबतीत एक इशारा. कवीच्या नावावर कधीच पटकन विश्वास ठेवू नका. 'एच' या अक्षरावरचं एक प्रसिद्ध पद्यकोडं कॅथरिन मरिया फॅन्शॉचं. लोक ते बायरनचं म्हणून उतरवत राहिले, छापत राहिले. कविता हातोहात फिरली की मोठ्या नावाकडे ओढली जाते. आपल्याकडे 'तुका म्हणे' जोडलेल्या अभंगांचं काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय कवितेखालची आद्याक्षरं पुष्कळदा उतरवणाऱ्याची असतात, कवीची नसतात.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मला एका वहीत एक प्रेमकविता मिळाली. पहिल्या ओळींच्या सूच्यांत नाही, छापील संग्रहांत नाही. खाली दोन आद्याक्षरं. मी दोन महिने त्या आद्याक्षरांचा माणूस शोधला, एक टिपणही लिहून काढलं. ते वाचून एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "शेवटची ओळ शोधलीस का?" शोधली. कविता एका मासिकात छापलेली निघाली. वहीवाल्याने पहिली ओळ बदलली होती, कारण त्या ओळीत मुलीचं नाव होतं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव तिथे बसवायचं होतं. नाव बदललं म्हणून यमक बदललं, यमक बदललं म्हणून दुसरी ओळही. मी टिपण फाडलं. पण खरं सांगायचं तर मासिकातल्या कवितेपेक्षा मला ही बदललेली पहिली ओळच जास्त मोलाची वाटते. तेव्हापासून मी दोन्ही टोकांच्या ओळी आणि मधली एक यमकजोडी टिपते.

आता सुरुवात. पहिल्या दिवशी कविता वाचायच्या नाहीत. वहीच पाहायची. स्कॅनवर हे अवघड जातं, तरी जेवढं दिसेल तेवढं. वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे का? एका बाजूने हिशोब किंवा प्रवचनाची टिपणं, वही उलटी करून दुसऱ्या बाजूने कविता, हा प्रकार नेहमीचा. स्कॅनमध्ये मधूनच पानं उलटी दिसू लागली तर ती चूक समजू नका. किती हातांचं अक्षर आहे? आईने सुरू केलेली वही मुलगी पुढे नेते तेव्हा वळण बदलतं. शाईकडे पाहा. आपली जुनी शाई काजळीची, ती काळीच राहते. इंग्रजांची शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची; ती काळाने तपकिरी पडते आणि कधी कागदही खाते. एका पानावर दोन तपकिरी छटा दिसल्या तर तिथे लिहिणारा थांबला होता, पुन्हा कधीतरी बसला.

काळ ठरवायला कागद मदत करतो. उजेडासमोर धरला की वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसतो. १७९४ पासून इंग्रजी कागदात वॉटरमार्कसोबत वर्षही दिसू लागतं, कारण निर्यातीवर जकातीची सूट मिळवायला ते घालावं लागे. पण कागद वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. म्हणून "याआधीची नाही" एवढंच म्हणायचं. तसंच सर्वांत उशिराची, काळ नक्की माहीत असलेली कविता कोणती ते काढायचं. तारखांबाबत एक खड्डा लक्षात ठेवा: १७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. फेब्रुवारी १७३५ असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशोबाने ते बहुधा १७३६. काही जण दोन्ही आकडे तिरकी रेघ मारून लिहितात, त्यांचे मनोमन आभार मानावेत.

वाचायला तुम्हाला वाटतं तितकं अवघड जाणार नाही. तोवर शाळेत कित्ता गिरवून घटवलेलं गोल वळण रूढ झालं होतं. जॉर्ज बिकमचे कित्ते १७३३ ते १७४१ या काळात निघाले, ते एकदा चाळा. अडखळायला होतं ते दोन-तीन ठिकाणी. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. 'वाय'च्या डोक्यावर छोटा 'ई' असेल तर तो 'द' (the) हा शब्द म्हणून वाचायचा. तो 'वाय' म्हणजे एका जुन्या, लोप पावलेल्या अक्षराचा अवशेष आहे. बाकी संक्षेप चार पानांत सवयीचे होतात. उतरवताना मात्र स्पेलिंग सुधारू नका, विरामचिन्हं भरू नका.

मग शोध. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखित कवितांची पहिल्या ओळींची सूची मार्गारेट क्रमने १९६९ मध्ये दोन खंडांत काढली, ती अजूनही उशाशी ठेवण्यासारखी आहे. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने अनेक संग्रहांच्या पहिल्या ओळी एकत्र केलेली सूची ऑनलाइन ठेवली आहे. लीड्स विद्यापीठाच्या ब्रदरटन संग्रहाची स्वतंत्र सूची आहे, आणि येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ऑस्बर्न संग्रहातल्या वह्या आहेत. छापील बाजूने अठराव्या शतकातल्या काव्यसंग्रहांची ऑक्सफर्डची सूची पाहा. पुण्यात किंवा मुंबईत बसून यातलं बरंच काम होतं. इंग्लंडातल्या जिल्हा दप्तरखान्यांत घराण्यांच्या कागदांत दडलेल्या वह्यांना मात्र तिथे जाऊनच हात घालावा लागतो, आणि त्यातल्या पुष्कळांची नीट नोंद व्हायची आहे.

वह्या किती सहज नष्ट होतात ते जुनी गाणी जमवणाऱ्या टॉमस पर्सीला विचारावं. श्रॉपशरमधल्या शिफ्नल गावी मित्राच्या दिवाणखान्यात त्याला टेबलाखाली एक जुनं जाडजूड हस्तलिखित दिसलं. सतराव्या शतकाच्या मध्याला कुणी तरी जमवलेली गाणी आणि पोवाडे. मोलकरणी त्यातली पानं फाडून शेकोटी पेटवत होत्या. पर्सीने ते मागून घेतलं आणि १७६५ मध्ये त्याच्या आधारावर आपला प्रसिद्ध संग्रह काढला. पण त्यानेही त्यातली काही पानं छापखान्यासाठी फाडली, आणि बांधणी करणाऱ्याने कडा छाटताना वरच्या-खालच्या ओळी कापल्या. वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, जळालेल्या पानांशिवाय.

तुमच्या प्रकल्पासाठी माझा सल्ला: दहा वह्यांवर वरवरचं लिहू नका. एकच घ्या, शंभरेक पानांची, आणि तिचा तक्ता करा. पान, अक्षर कुणाचं, शीर्षक जसंच्या तसं, पहिली ओळ, शेवटची ओळ, छापील पाठाहून काय वेगळं, आधीची आणि नंतरची कविता कोणती, कोरी पानं कुठे. तक्ता भरायला तीन आठवडे लागतील. त्यात ज्या कवितेत सर्वांत जास्त बदल दिसतील, तिच्यापासून लिहायला बसा.